चौथ्या बाजूची पट्टी

रॅम्सगेट,
११ फेब्रुवारी २००९

प्रिय रो,

पाकिटावर मी 'मिसेस रोवेना गार्बट' असं नीट लिहिलंय. आत मात्र ते लिहायला हात वळत नाही. तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि तुझ्या पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे होते. मी क्लेम पार्डो, 'बॅगशॉ आणि लेक' या नेस्टाच्या, तुझ्या आईच्या, टीव्हीवरच्या विनोदी मालिकेचा फ्लोअर मॅनेजर. कानाला यंत्र लावून सगळ्यांना 'गप्प बसा, चालू होतंय' म्हणून दटावणारा तो लांबलचक माणूस. तू मला क्लेमकाका म्हणायचीस.

नेस्टा गेली. अंत्यसंस्काराला यायचं फार मनात होतं, पण त्या आठवड्यात इथे एवढा बर्फ पडला की गाड्या बंद, आणि माझे गुडघे तर आधीपासूनच बंद. घरात बसून पेपर वाचले. चार-चार रकाने छापलेत, पण सगळ्यांनी लिहिलंय ते बॅगशॉबाईंबद्दलच. लाँड्री चालवणारी, इस्त्री उगारून बोलणारी, लेकीवर वसवस करणारी आणि लेकीसाठी जीव टाकणारी ती बाई. अरे, पण तिने केलेली ती पाद्रीबुवांची भोचक घरकामवाली? अख्खा प्रवेश एका चमच्याच्या आवाजावर तोलून धरायची! आणि उतारवयात एका रुग्णालयाच्या मालिकेत ती एकाच भागापुरती आजी झाली होती. मरायचं काम होतं. असं मेली, असं मेली की कॅमेऱ्यामागची माणसं डोळे पुसायला लागली. 'थांबा' म्हटलं तरी बाई उठेना. जवळ जाऊन बघतो तर खरीच गाढ झोपलेली. घोरत होती!

हल्ली इथे सकाळी समुद्रावरून धुकं येतं आणि खिडकीबाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. मी चहा घेऊन बसतो आणि त्या धुक्यात मला आमचा तालमीचा हॉल दिसायला लागतो. चहा गार होतो. मग शेजारची बाई दार वाजवते आणि विचारते, 'मिस्टर पार्डो, आहात ना?' मी म्हणतो, आहे बुवा.

आता मुद्द्याचं. २४ एप्रिलला लंडनमध्ये, नटांच्या चर्चमध्ये, नेस्टाची स्मरणसभा ठेवली आहे. व्यवस्था माझ्या गळ्यात आहे. नटमंडळी बोलतील, एकमेकांवर कुरघोडी करतील, ते ठरलेलंच आहे. पण मला वाटतं, तू पाच मिनिटं बोलावंस. बोलशील ना?

तुझा,
क्लेम पार्डो


सॉल्टबर्न,
१९ फेब्रुवारी २००९

श्री. पार्डो,

पत्र मिळालं. तुम्ही मनापासून लिहिलंत ते कळतं, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. २४ एप्रिलला मी बोलणार नाही. येणारही नाही.

तुम्ही मालिकेचे सगळे भाग केलेत, म्हणजे तो भागही तुम्हाला ठाऊक असणार. तरी लिहिते, कारण आजवर कुणालाच लिहिलेलं नाही. मी नऊ वर्षांची होते. वडील घर सोडून कार्डिफला दुसऱ्या बाईकडे राहायला गेले होते. मी त्यांना पत्र लिहिलं: 'बाबा, परत ये. मी आता बातम्यांच्या वेळी बोलत नाही.' पाकिटावर लावायला तिकीट हवं म्हणून आईकडे दिलं. तिने वाचलं, मला जवळ घेतलं, रडली. मला वाटलं, चला, आता काहीतरी होईल.

झालं! तीन आठवड्यांनी मला नवा फ्रॉक घालून चित्रीकरणाला नेलं, समोरच्या प्रेक्षकांत दुसऱ्या रांगेत बसवलं. बॅगशॉबाईंची लेक पॅन्सी टेबलाशी बसून पत्र लिहीत होती आणि मोठ्याने वाचत होती. माझं पत्र. शब्दन्‌शब्द. माझ्या आईने इस्त्री खाली ठेवली, जरा थांबली आणि म्हणाली, 'आणि हवामानाच्या अंदाजाच्या वेळी गं?' तीनशे माणसं हसली. माझ्या शेजारची बाई तर हसता हसता माझ्या मांडीवर थाप मारत होती. आणि आई तिथे उभी राहून ते हसू थांबायची वाट बघत होती. दर नाताळात तो भाग पुन्हा दाखवतात. माझ्या लोकरीच्या दुकानात गिऱ्हाइकं येऊन तो विनोद मलाच ऐकवतात, कारण मी कोणाची मुलगी ते इथे कुणालाच ठाऊक नाही.

त्यावर ती कधी एक अक्षर बोलली नाही. मी अठराव्या वर्षी घर सोडलं. त्यानंतर नाताळची कार्डं आणि एका मावशीच्या मयताला झालेली भेट, एवढंच.

आता शेवटचा प्रकार ऐका. वर्दिंगच्या वृद्धाश्रमात तिच्या वस्तू आणायला गेले. तळमजल्यावरची मोठी खोली. पलंग भिंतीला सरकवलेला आणि जमिनीवर सगळीकडे रंगीत चिकटपट्ट्या! तुम्ही हॉलमध्ये लावायचात तशा, सेटच्या भिंती आणि दारं दाखवणाऱ्या. मी लहानपणी त्या इतक्या पाहिल्यात की ओळखायला क्षणही लागला नाही. तिथल्या मुख्य बाई मिसेस अडेयेमी म्हणाल्या, 'रोज नाश्ता झाला की अर्धा तास त्यांवरून चालायच्या. नसलेलं दार उघडायच्या, बंद करायच्या. आम्ही म्हटलं, व्यायाम होतोय, होऊ दे.' आधी मला हसू आलं, श्री. पार्डो. मग अंगाची लाही लाही झाली. शेवटपर्यंत ती त्या लाँड्रीत जात होती, पॅन्सीकडे. खरी मुलगी एका दिवसाच्या प्रवासावर जिवंत असताना.

खोली ३१ मार्चपर्यंत रिकामी करायची आहे. पट्ट्या त्यांचे लोक खरवडून काढतील. सुंठेवाचून खोकला जाईल.

रोवेना गार्बट


रॅम्सगेट,
२५ फेब्रुवारी २००९

प्रिय रो,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचल्यावर कोट चढवून समुद्रापर्यंत जाऊन आलो. तुझी क्षमा मागायला हवी ती मीही. मी त्या संध्याकाळी तिथे, फ्लोअरवर, उभा होतो. दुसऱ्या रांगेतली निळ्या फ्रॉकातली मुलगी मला दिसत होती. माझ्या कानात वरून दिग्दर्शकाचा आवाज येत होता, 'मस्त, मस्त, चालू द्या', आणि मी हाताने खूण करत होतो, चालू द्या.

आईची बाजू घेणार नाही. फक्त आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. हशा चालू असताना पुढचं वाक्य टाकायचं नाही. तो ओसरायला लागला की मगच बोलायचं. हे ज्याला जमतं तो विनोदी नट, बाकीचे नुसते बोलणारे. नेस्टाइतकं ते कुणाला जमत नव्हतं. त्या दिवशीही जमलं. फार चांगलं जमलं, हेच वाईट झालं.

तुझ्या पत्राने मला पुन्हा त्या हॉलमध्ये नेऊन सोडलं. ॲक्टनचा तो मुलांच्या क्लबचा हॉल. वरच्या खिडक्यांतून ऊन यायचं, त्यात धूळ तरंगायची. सोमवारी सकाळी मी रिकाम्या जमिनीवर पट्ट्या लावायचो. लाल म्हणजे लाँड्री, पिवळी म्हणजे वरची बैठकीची खोली. दहा वाजता मंडळी यायची आणि त्या क्षणापासून तिथे घर उभं राहायचं. कुणी पट्टीवरून पाय टाकून गेलं तर नेस्टा ओरडायची, 'अहो, भिंतीतून काय चालताय!' नसलेल्या दाराची मूठ फिरवायची, नसलेल्या किटलीतून चहा ओतायची, आणि तू कोपऱ्यात बसून त्या चहावर फुंकर मारायचीस. आठवतं? मला वाटतं, माझ्या आयुष्यातली सगळ्यात पक्की घरं तीच होती. पाच दिवस टिकायची आणि शनिवारी मी ती गुंडाळून कचऱ्यात टाकायचो.

म्हणून एक मागणं आहे, सभेत बोलण्याचं नव्हे. ते राहू दे. पट्ट्या खरवडायच्या आधी एकदा वर्दिंगला जा. जाताना मोजपट्टी घेऊन जा. लाँड्रीचा काउंटर चौदा फुटांचा होता, मला झोपेतसुद्धा पाठ आहे. खिडकीजवळच्या निळ्या फुलीपासून मोजायला घे म्हणजे सोपं जाईल. आणि नीट बघ, कुठली बाजू उघडी सोडली आहे ते. आमच्या कुठल्याही सेटला तीनच भिंती असायच्या. चौथ्या बाजूला कॅमेरे आणि प्रेक्षक, त्या बाजूला पट्टी कधीच लागायची नाही.

म्हाताऱ्याचा हट्ट समज. पण जा.

तुझा,
क्लेम


सॉल्टबर्न,
९ मार्च २००९

श्री. पार्डो,

गेले. का गेले ते विचारू नका. दुकान बंद ठेवलं, तीन गाड्या बदलल्या, हातात नवऱ्याची मोजपट्टी. कीथ बॉयलर दुरुस्त करतो, त्यामुळे त्याची मोजपट्टी म्हणजे त्याचा जीव की प्राण. 'हरवू नकोस हं' असं त्याने दोनदा बजावलं. आई गेल्यावर एवढं कुणी काळजीने बोललं नव्हतं.

मिसेस अडेयेमींनी दुसरं टोक धरलं. काउंटर कुठेच नाही. हिरव्या पट्टीची खोली, दहा फूट दोन इंच बाय नऊ फूट चार. तिच्या आधी एक अरुंद बोळ. बोळातून खोलीत येताना दोन आखूड पट्ट्या, म्हणजे पायऱ्या असाव्यात. मध्ये टेबलाएवढा चौकोन. डावीकडच्या कोपऱ्यात एक तिरकी रेघ, ती कशाची ते कळेना. आणि तुम्ही म्हणालात तशी उघडी बाजू शोधली. नाही. चारी बाजूंना पट्टी. चौथ्या बाजूची तर दोनदा लावलेली, एकीवर एक.

मिसेस अडेयेमी म्हणाल्या, 'मग प्रेक्षक कुठे बसणार?' मी म्हटलं, मला काय ठाऊक. पाद्रीबुवांचं स्वयंपाकघर असेल, नाहीतर आणखी कुठलं सोंग. बिलाच्या पाठीवर नकाशा काढून घेतला आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करत होते. डबा घ्यायला वळले आणि कंबर आपटली. जिन्याखालचं कपाट आहे आमचं, तिरकं. तेरा वर्षं मी त्याच्यावर आपटते आणि तेरा वर्षं कीथ म्हणतो की कापून देतो. कंबर चोळताना एकदम ती तिरकी रेघ आठवली. नकाशा आणला. बोळ, दोन पायऱ्या, टेबल, तिरकं कपाट. कीथला हाक मारली. तो काही न विचारता गुडघ्यांवर बसून मोजत गेला. दहा फूट दोन. नऊ फूट चार. मग तो तिथेच फरशीवर बसून राहिला आणि म्हणाला, 'रो, हे आपलं आहे.'

माझी आई या घरात कधीही आलेली नाही. मी तिला कधी बोलावलं नाही.

रात्रंदिवस डोक्यात एकच चाललंय, कसं, कसं, कसं. मग तुमचं पत्र पुन्हा काढलं. 'खिडकीजवळच्या निळ्या फुलीपासून मोजायला घे.' फुली आहे तिथे, निळीच आहे. पण मी तुम्हाला फुलीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. रंगाबद्दल तर नाहीच. ती खोली तुम्ही पाहिली आहे.

आता मला गोड बोलून फिरवू नका. काय ते सरळ सांगा. आधीच माझ्या आयुष्यात नाटकं कमी झालेली नाहीत.

रो


रॅम्सगेट,
१४ मार्च २००९

प्रिय रो,

पकडलंस. चाळीस वर्षं लोकांच्या चुका पकडल्या आणि स्वतः फुलीवर घसरलो. पट्ट्या मीच लावल्या.

गेल्या सप्टेंबरात नेस्टाचा फोन आला. 'क्लेम, जमीन आखायची आहे, ये.' मी म्हटलं, अगं नवीन काम मिळालं की काय? म्हणाली, 'हो. लहान आहे, पण अवघड आहे.' गेलो. तिने उशीखालून एक चोळामोळा झालेलं पत्रक काढलं. घरविक्रीच्या दलालाचं, १९९६ सालचं. तुझ्या घराचं. त्यावर खोल्यांचा नकाशा छापला होता, पायऱ्या, कपाट आणि मापांसकट. तूच नाताळच्या कार्डात घालून पाठवलं होतंस म्हणे, वर फक्त 'हे घेतलं' एवढं लिहून.

मी गुडघ्यांखाली उशी घेऊन दिवसभर आखत बसलो. आणि बघ सवय कशी असते. तीन बाजू लावल्या आणि 'झालं' म्हणून उठलो. माझ्या हाताला चौथी भिंत ठाऊकच नाही! नेस्टा संतापली. 'अरे मूर्खा, तिथे कॅमेरे नाहीत, तिथे तिची शेजारीण राहते. बंद कर ती बाजू. कुणी बघणार नाहीये.' मी पट्टी लावली. तिने मला अजून एक लावायला सांगितली, वरून. म्हणाली, 'पक्की असू दे.'

मग रोज तालीम. मी दर पंधरवड्याला जायचो. बोळातून यायचं, डाव्या हाताने दार, दोन पायऱ्या उतरायच्या, काठी उजव्या हातात, कपाट चुकवायचं, निळ्या फुलीवर खुर्ची, बसायचं. ईस्टरच्या आधी यायचा बेत होता. म्हणायची, 'पहिल्यांदाच जाणार आणि तिच्या घरात चाचपडत फिरणार, असं नको. तिला वाटायला नको की मी परकी आहे.' ऑक्टोबरात हालचाली बसल्या. वाक्य काही बसेना.

एकच वाक्य हवं होतं. क्षमेचं. किती तऱ्हांनी बोलून पाहिलं असेल, रो! हळू, मोठ्याने, बसून, उभं राहून, पाठ करून, पाठ न करता. दर वेळी थांबायची आणि कपाळावर हात मारायची. 'ऐकलंस ना? पुन्हा बॅगशॉबाईच बोलली. माझं तोंड उघडलं की तीच बाई बोलते रे, क्लेम. माझा आवाज कुठे ठेवलाय मी?' एकदा म्हणाली, 'त्या दिवशी मी हशासाठी थांबले. चार सेकंद. पोरगी मला दिसत होती आणि मी थांबले. त्याची क्षमा कशी मागतात ते कुणी लिहून देत नाही.' हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी माझ्या पदरचा एकही शब्द त्यात घालत नाही.

तुला कळवतो म्हटलं तर तिने माझ्याकडून शपथ घेतली. 'तिला सांगितलंस की मी तालीम करते, तर ती म्हणेल, बघा, क्षमासुद्धा आई नाटकातलीच मागते.' म्हणून पहिल्या पत्रात गप्प बसलो. मग तुझं पत्र आलं आणि वाटलं, शपथ मोडायची नाही, पण पोरीने स्वतः मोजलं तर? मी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारा मेलेल्या बाईची वकिली करतोय. मोजपट्टी कुणाची वकिली करत नाही.

एक राहिलं. नटाला उभं राहायची जागा दाखवायला आम्ही फुली लावतो. तिची निळी लावल्यावर मी दुसरी गुंडाळी हातात घेऊन विचारलं, 'आणि रोची फुली कुठे?' तिने काठीच्या टोकाने एक हिरवी रेघ शेवटपर्यंत गिरवली. बाहेर कुणीतरी जेवणाची ताटं वाजवत चाललं होतं. मग म्हणाली, 'नको लावूस. घर तिचं आहे. ती कुठे उभी राहील ते तिचं ती ठरवील.'

तिच्याकडून मी हे कधीच ऐकलं नव्हतं. सगळ्यांच्या जागा ती ठरवायची, दिग्दर्शकाच्यासुद्धा.

मी तुला फसवलं, त्याबद्दल रागव. पण आता लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

क्लेम


सॉल्टबर्न,
१ एप्रिल २००९

क्लेमकाका,

दोन आठवडे उत्तर लिहिलं नाही. पहिला आठवडा तुमच्यावर चिडले होते, दुसरा तिच्यावर. दुकानात एका बाईला स्वेटरसाठी लोकर तोलून देताना मध्येच रडायला आलं. ती बिचारी म्हणाली, 'अहो, राहू द्या, मी दुसरा रंग घेते.'

सभेला मी येईन. बोलेन की नाही ते आत्ता सांगत नाही, आणि तुम्ही विचारायचं नाही. यादीत नाव घालाल तर याद राखा. सभेनंतर आमच्याकडे चार दिवस राहायला या. कीथने तुमच्यासाठी खालची खोली आवरायला घेतली आहे, तुमच्या गुडघ्यांचं मी त्याला सांगितलंय.

काल वर्दिंगला गेले होते. खोलीचा शेवटचा दिवस. एक माणूस बादली आणि खरवडणी घेऊन दाराशी थांबला होता. मिसेस अडेयेमी त्याला म्हणाल्या, 'तू जा, चहा पिऊन ये. आणि नंतर आणखी एक पी.' मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि मी आत एकटी राहिले.

आधी मी तिचं काम केलं. बोळातून आले, डाव्या हाताने दार उघडलं, दोन पायऱ्या उतरले. कपाट आपोआप चुकवलं, आणि मग लक्षात आलं की घरी ते मला तेरा वर्षांत जमलेलं नाही. निळ्या फुलीवर खुर्ची होती, तिच्यावर बसले. खिडकीतून पाठीवर ऊन येत होतं. तिथून माझं सगळं स्वयंपाकघर दिसतं, काका. शेगडी, सिंक, दार, सगळं. कुणीही कुठेही उभं असलं तरी दिसेल, अशीच जागा तिने निवडली होती. कितीतरी वेळ मी तशीच बसून राहिले. त्या रिकाम्या रेघांत हळूहळू मला माझी किटली दिसायला लागली, कीथचे बूट दिसायला लागले. मला वाटलं होतं, हे फक्त तुम्हा लोकांना दिसतं.

मग उठले. आता माझी जागा. सिंकपाशी उभी राहून पाहिलं, पाठ करून, कामात असल्यासारखी. ते खोटं वाटलं. टेबलामागे उभी राहिले, तर शाळेतल्या बाईंसारखी वाटले. कपाटाला टेकून, हाताची घडी घालून पाहिलं. तशी मी नक्की उभी राहिले असते, पाच-दहा मिनिटं तरी. पण तीही जागा बरोबर वाटेना.

शेवटी पायऱ्या चढून दाराशी गेले. ते उघडायचं काम तिला करायला नको, असं मनात आलं. मी आतून मूठ फिरवली आणि दार उघडलं. मला नाटक येत नाही, काका. बोळात कुणी नव्हतं आणि ते मला चांगलं माहीत होतं. तरी मोठ्याने म्हटलं:

'मी तुझी वाट बघत नव्हते गं, आई. खोटं कशाला बोलू. पण आली असतीस तर आत घेतलं असतं. काही न बोलता नुसती बसली असतीस, तरी चाललं असतं.'

रो